मिंदानावचं कापड आणि पितळ घरी आणलंत? या चुका टाळा

फिलिपिन्सच्या मिंदानाव बेटावर, दावाओ शहरात डॉक्टरकी शिकायला गेलेली आपल्याकडची मुलं सुट्टीत येताना तिथल्या डोंगरातलं कापड, पितळी पट्टे, मण्यांच्या माळा घेऊन येतात. वर्षा-दोन वर्षांत त्यातलं काहीतरी खराब होऊन माझ्याकडे येतं. मी जुन्या कापडांची डागडुजी करते. चुका दरवेळी त्याच असतात.

सगळ्यात जास्त हाल त्नालाकचे. मिंदानावच्याच लेक सेबू भागातल्या त्बोली जमातीच्या बायका हे कापड अबाकाच्या धाग्यानं विणतात. अबाका केळीच्याच कुळातली, धागा तिच्या सोपटातून निघतो. विणायच्या आधीच उभे धागे गाठी बांधून रंगवलेले असतात. काळा रंग पानांचा, लाल मुळांचा. शेवटी बांबूच्या टोकाला बसवलेली कवडी कापडावर दाबून घासतात, तेव्हा ती चमक येते. आपल्याला कवडी म्हटलं की तुळजाभवानीची माळ आठवते. तिथं कवडी कापडाला झिलई देते.

नाशिकच्या एका काकूंनी असं कापड रात्रभर साबणाच्या पाण्यात भिजवलं, पिळलं, उन्हात वाळवलं आणि घडी घालून कडक इस्त्री केली. "ताई, नुसतं धुतलं हो," म्हणाल्या. झिलई गेली होती, लाल रंग मळका झाला होता आणि घडीच्या रेषेवर धागे तुटले होते. मी एका कोपऱ्यावर कवडी घासून पाहिली, थोडी चमक परत आली. तुटलेला धागा मात्र जोडता येत नाही. त्यातून उशीचे अभ्रे शिवायचा त्यांचा विचार होता, तो मी हात जोडून थांबवला. लांग दुलाय या विणकर बाईंना 1998 मध्ये फिलिपिन्सचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. त्या स्वप्नात दिसलेली नक्षी विणायच्या. त्बोली लोक हे कापड मनाला येईल तसं कापत नाहीत. मग आपण कात्री का लावायची?

मी त्नालाक धूत नाही, घडीही घालत नाही. पुठ्ठ्याच्या नळीवर जुनी धुवट सुती साडी गुंडाळते आणि तिच्यावर कापड सैल गुंडाळते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा सावलीत उलगडते, नाहीतर बुरशी धरते. एवढा धीर नसेल तर विकत घेऊच नका.

दुसरी चूक चिंचेची. त्बोली बायकांच्या हिलोत या कमरपट्ट्याला खाली पितळी घुंगरं लोंबतात. चालताना त्यांचा आवाज होतो. मेणाचा नमुना करून, त्यावर माती थापून ही घुंगरं ओततात. आपल्याकडे पितळ दिसलं की हात चिंच-मिठाकडे जातो. देवाच्या तांब्याला ते चालतं. इथं आंबट पाणी कड्यांच्या सांध्यांत आणि मण्यांच्या दोऱ्यात मुरतं. दोरा कुजतो, सांध्यांत हिरवा थर धरतो. वर्षानुवर्षांच्या वापरानं चढलेली काळसर छटा एका दुपारीत जाते. कोरडा मऊ ब्रश आणि सुती फडकं, याच्यापुढे मी जात नाही.

मारानाओ ही मिंदानावचीच दुसरी जमात, त्यांचं नेसायचं वस्त्र म्हणजे मालोंग. त्याला कोणी लुंगी म्हणालं की मला राग येतो. तो गोल शिवलेला असतो, बायका-पुरुष दोघंही नेसतात. त्याच्यावरची लांगकित ही नक्षीची पट्टी वेगळी विणून शिवलेली असते. ती हवी असेल तर टाके उसवा, कापड कापू नका.

तिथल्या सगळ्या जमातींना एका नावानं हाक मारू नका. मारानाओ, याकान, ताउसुग मुसलमान आहेत. त्बोली डोंगरातले, त्यांचा धर्म वेगळा.

त्नालाकची छापील नक्कल ओळखायची तर कापड उलटं करा. उलट्या बाजूला रंग फिका दिसला तर ते छापलेलं. त्नालाकमध्ये रंग धाग्यातच असतो.

मण्यांची माळ खिळ्याला टांगू नका. मण्यांच्या वजनानं दोरा वरच्या टोकाशी तुटतो. मी ती पसरट डब्यात, मलमलीवर आडवी ठेवते.