छोट्या ऑफिसचं नेटवर्क सांभाळायचं तर बॅकअपची डिस्क आधी काढून ठेवा

दहा-बारा मशिनच्या ऑफिसात अँटिव्हायरस टाकला की काम झालं, असं सांगणारे खूप भेटतात. त्यांचं ऐकू नका. विंडोजसोबत येणारा डिफेंडर चालू आणि अद्ययावत असेल तर तेवढ्यापुरतं भागतं. धोका बाकीच्या ठिकाणी असतो.

सोपी कामं एका दुपारी उरका. राउटरचा मूळ पासवर्ड बदला, त्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा. पाहुण्यांचं वायफाय आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर हिशेबाच्या मशिनपासून वेगळे ठेवा. रोजच्या कामाला कुणालाही अ‍ॅडमिन खातं देऊ नका. मेलला टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डसोबत दुसरा कोड मागणारी सोय, लावा. विंडोजचे अपडेट पुढे ढकलू नका: १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला, तेव्हा त्यावरचा पॅच, म्हणजे विंडोजची दुरुस्ती, मार्चमध्येच आलेला होता.

घरून टॅली बघता यावी म्हणून कुणी राउटरवर ३३८९ पोर्ट (विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे मशिन दुरून चालवण्याचा रस्ता) उघडून देत असेल, तर त्याला तिथेच थांबवा. नंबर बदलून दुसरा पोर्ट उघडला तरी शोधणारे शोधतात. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसात यायची बंदिस्त खासगी वाट, लावून घ्या.

आता बॅकअप. इथे मी स्वतः चुकलो आहे.

एका कापड व्यापाऱ्याच्या ऑफिसात सर्व्हरला यूएसबी डिस्क जोडून रोज रात्री अकराला आपोआप कॉपी होईल अशी सोय मी करून दिली होती. एका सोमवारी सकाळी फोन आला. प्रत्येक फाइलच्या नावापुढे भलतीच अक्षरं, आणि फोल्डरमध्ये खंडणीची चिठ्ठी. डिस्क उघडली तर तिथेही तेच. जी डिस्क सर्व्हरला दिसते, ती रॅन्समवेअरलाही (फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसला) दिसते, एवढी साधी गोष्ट मी विचारात घेतली नव्हती. चार महिन्यांची बिलं कागदावरून पुन्हा चढवताना तिथली माणसं रात्री नऊपर्यंत बसत होती. ते मी पाहिलं आहे, म्हणून या बाबतीत मी कुणाचीही सबब ऐकून घेत नाही.

दोन डिस्क घ्या. संध्याकाळी सगळ्या मशिनवर टॅली बंद करा. टॅलीमध्ये कंपनी उघडी असताना केलेली कॉपी अर्धवट निघू शकते. डिस्क जोडण्याआधी सर्व्हरवरच्या चार-पाच जुन्या फाइल उघडून पाहा. त्या नीट उघडल्या तरच डिस्क जोडा, कॉपी करा आणि लगेच काढून कपाटात ठेवा. दुसरी डिस्क मालकांच्या घरी, दर शनिवारी अदलाबदल. कॉपी चालू असतानाच हल्ला झाला तर एक डिस्क जाईल, दुसरी वाचेल.

क्लाउडवर फोल्डर सिंक होतो, म्हणून निर्धास्त राहू नका. बिघडलेली फाइलही तितक्याच इमानाने वर जाते. जुन्या आवृत्त्या किती दिवस राहतात ते आधी तपासा.

जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं नेटवर्क बंद पाडलं. न्हावा शेवाचं त्यांचं टर्मिनलही अडकलं. त्यांचा एकच डोमेन कंट्रोलर (नेटवर्कवरची सगळी खाती सांभाळणारा सर्व्हर) वाचला, घानामधला. तिथे वीज गेल्यामुळे तो नेटवर्कबाहेर होता. तुम्ही डिस्क काढता तेव्हा हेच मुद्दाम करत असता.

महिन्यातून एकदा तो बॅकअप नेटवर्कला न जोडलेल्या मशिनवर उघडा आणि बॅकअप घेतला त्या दिवशीच्या ट्रायल बॅलन्सच्या प्रिंटशी ताडून बघा. ‘कॉपी झाली’ असा संदेश आला म्हणजे डेटा आहे, असं मी आता धरत नाही.

हल्ला झालाच तर आधी सगळ्या मशिनच्या नेटवर्क केबल काढा, वायफाय बंद करा. चिठ्ठीचा फोटो घ्या. खंडणी देऊ नका. पैसे देऊनही फाइल परत मिळतील याची खात्री नसते. सायबर पोलिसांत तक्रार करा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशी घटना कळल्यापासून ६ तासांत त्यांना कळवावं लागतं. मशिन पूर्ण फॉरमॅट होऊन विंडोज नव्याने बसेपर्यंत कपाटातली डिस्क बाहेर काढू नका, आणि काढाल तेव्हा आधी वेगळ्या स्वच्छ मशिनवर तिची एक प्रत करून घ्या.