बर्मात पडलेल्या विमानसैनिकाची तिथी कशी शोधावी

दुसऱ्या महायुद्धात घरातलं कुणी विमानदळात होतं आणि परत आलं नाही, तर शोध दिल्लीपासून सुरू करू नका. इंडिया गेटवरची नावं पहिल्या महायुद्धातली आणि १९१९च्या अफगाण युद्धातली. राष्ट्रीय युद्ध स्मारकावरची स्वातंत्र्यानंतरची. आपला माणूस या दोन्हींत नाही.

आधी घरातली जुनी पेटी काढा. घर मराठवाड्यातलं असेल तर निजामाच्या काळातले कागद उर्दूत असतील, घरची पत्रं मोडीत. वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत घालू नका, जाणकाराकडून वाचून घ्या. पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली धरा. नाव आणि नंबर तिथं सापडू शकतो.

माझ्या वडिलांचे मामा व्हेंजन्स विमानावर गनर, म्हणजे मशीनगन चालवणारे होते. बॉम्ब टाकायला जवळजवळ उभा सूर मारणारं हे विमान, माणसं दोनच. पुढं पायलट, मागं गनर. भारतीय विमानदळाच्या ७ आणि ८ नंबर स्क्वाड्रननं (तुकडीनं) ते १९४३-४४ मध्ये अराकान आणि इम्फाळच्या आघाडीवर वापरलं. आमच्या घरी मात्र ‘मामा बर्मात गेले’ एवढंच बोललं जायचं.

आता कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे महायुद्धांत पडलेल्यांच्या कबरी आणि नावं जपणाऱ्या संस्थेच्या, वेबसाइटवर शोधा, पैसे लागत नाहीत. आडनावानं सापडलं नाही तर वडिलांच्या नावानं पाहा, इंग्रजी स्पेलिंग बदलून पाहा. गावंही जुन्या नावांनी शोधा. बीड तेव्हा ‘भीर’ लिहीत, अंबाजोगाई म्हणजे मोमिनाबाद. कधी नुसतं ‘हैदराबाद’ असतं. दलाचं नाव ‘इंडियन एअर फोर्स’ आणि ‘रॉयल इंडियन एअर फोर्स’ दोन्ही टाका, कारण ‘रॉयल’ मार्च १९४५ मध्ये लागलं.

रंगूनच्या स्मारकात नाव नाही म्हणून खचू नका. बर्मावर पडलेल्या आणि देह न सापडलेल्या विमानसैनिकांची नावं सिंगापूरला, क्रांजीच्या स्मारकावर आहेत. नाव ज्या खांबावर कोरलंय त्याचा कॉलम नंबर उतरवून घ्या. कुणी ओळखीचं सिंगापूरला जात असेल तर तेवढ्या नंबरावर फोटो काढून आणता येतो.

मग त्याच तारखेला, त्याच स्क्वाड्रनचं आणखी एक नाव आहे का पाहा. बहुधा तोच जोडीदार. हे पाहायला मात्र विसरू नका, कारण दोघं एकाच विमानात गेलेले असतात.

तारीख मिळाली की दरवर्षीच्या श्राद्धासाठी त्या वर्षीच्या जुन्या पंचांगातून तिथी काढा. पितृपक्षात शस्त्रानं गेलेल्यांसाठी भाद्रपद वद्य चतुर्दशी ठरलेली आहे. आमच्याकडे आधी सर्वपित्रीला पान ठेवायचे, आता चतुर्दशीला ठेवतो आणि पायलटचंही नाव घेतो. ते कुठले, कोणत्या धर्माचे, हे आम्ही पाहत नाही.

शेवटचं काम वंशावळीचं. अशी पोरं बहुतेक बिनलग्नाची गेली, म्हणून त्यांची फांदी कुणी काढलीच नाही. ती काढा आणि नावाखाली सर्व्हिस नंबर, स्क्वाड्रन, तारीख आणि कॉलम नंबर लिहा.