दुचाकीवरून लांबच्या रायडला निघण्यापूर्वी अंगावरच्या साहित्याची तयारी

रायडिंगचे जॅकेट धुतले असेल, तर त्यातले आघात झेलणारे पॅड परत आत बसवले आहेत की नाहीत, हे सगळ्यात आधी पाहावे. ही यादी मुळात या एका ओळीसाठीच लिहीत आहे. बाकीच्या गोष्टी बहुतेकांना ठाऊक असतात आणि त्या विसरल्या तरी वाटेत आठवतात. पॅड मात्र आठवत नाहीत, कारण रिकामे जॅकेटही अंगावर तितकेच रुबाबदार दिसते. मागच्या वेळी माझ्या कोपरांचे पॅड धुलाईनंतर कपाटातच राहिले होते आणि महागडे जॅकेट अंगात असूनही कोपराचे हाड तडकले. बाहीला साधे भोकसुद्धा पडले नव्हते.

हेल्मेट घालावे हे सांगत बसत नाही. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. एवढे कळूनही ज्याला ते आरशाला अडकवून जायचे आहे, त्याच्यासाठी ही यादी नाही. तसे आरशाला अडकवणेही वाईटच, कारण आतल्या थर्माकोलसारख्या थराला आरशाच्या टोकाने खड्डा पडतो आणि धक्का शोषण्याचे सगळे काम तोच थर स्वतः चिरडून घेऊन करत असतो. हा थर एकदा दबला की पुन्हा फुगत नाही. म्हणून जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून कितीही चकचकीत दिसले, तरी ते बाद समजावे. हेल्मेट घालून पट्टा बांधावा, मागची खालची कड धरून ते पुढच्या बाजूला ओढून पाहावे. डोक्यावरून निघून आले, तर माप चुकलेले आहे. पट्टा दोन कड्यांचा असेल, तर तो दोन्ही कड्यांतून नेऊन एकातूनच परत आणायचा असतो. नुसता ओवून सोडलेला पट्टा म्हणजे न बांधलेला पट्टा.

आता जॅकेट. जाड कापड किंवा चामडे रस्त्यावर घासले जाण्यापासून वाचवते, तर पॅड आपटण्यापासून वाचवतात. ही दोन वेगळी कामे आहेत आणि एकाने दुसऱ्याचे काम होत नाही. युरोपातल्या ईएन १७०९२ या मानकात ‘ए’ आणि ‘बी’ वर्गांच्या कपड्यांकडून घासण्याला सारख्याच प्रतिकाराची अपेक्षा असते. फरक एवढाच, की ‘बी’ वर्गात पॅड नसतात. म्हणजे ‘ए’ वर्गाच्या जॅकेटातून पॅड काढून ठेवले, की आपण पैसे एका वर्गाचे मोजले आणि अंगात दुसरा वर्ग घातला असे होते. पॅडसाठी ईएन १६२१-१ हे वेगळे मानक आहे. त्यात पॅडवर ५० ज्यूल ऊर्जेचा आघात करून पलीकडे किती बल पोचते ते मोजतात, आणि ते जितके कमी तितका पॅड चांगला: पहिल्या पातळीच्या पॅडसाठी सरासरी ३५ किलोन्यूटनची मर्यादा असते, तर दुसऱ्या पातळीसाठी २० किलोन्यूटनची. रिकाम्या खिशाला कसलीही पातळी नसते.

तेव्हा आदल्या दिवशी जॅकेट टेबलावर उलटे करून पसरावे आणि दोन खांदे, दोन कोपर व पाठ असे पाचही खिसे हाताने चाचपावेत. हाताने म्हणजे हातानेच. नुसते पाहून भागत नाही, कारण अस्तर जाड असते आणि कोपरापाशी ते आपोआप फुगलेले दिसते. पॅडवर दुचाकीस्वाराचे लहान चित्र आणि एक अक्षर छापलेले असते: खांद्यासाठी ‘एस’, कोपरासाठी ‘ई’, गुडघ्यासाठी ‘के’, खुब्यासाठी ‘एच’. शेजारी पातळीचा आकडाही असतो. कोपराचा पॅड बहुधा एका टोकाला रुंद असतो; ते टोक कोपरावर यावे आणि निमुळते टोक मनगटाकडे. पाठीच्या खिशात हात घालून नीट खात्री करावी, कारण पुष्कळ जॅकेटांत तिथे विकतानाच नुसता पातळ फोम भरलेला असतो, ज्याच्यावर ना चित्र असते ना आकडा. तो जागा भरण्यापुरता असतो, संरक्षणासाठी नव्हे. खरा पाठीचा पॅड ईएन १६२१-२ प्रमाणे तपासलेला असतो आणि तो वेगळा विकत घ्यावा लागला, तरी घ्यावा.

पॅड आत असणे पुरेसे नाही. ते जागेवरही असावे लागतात. जॅकेट ढिले असेल, तर पडताना बाही फिरते, पॅड दंडाच्या मागे जातो आणि हाड उघडे पडते. बाहीवर आवळायचे पट्टे असतात ते यासाठीच. गुडघ्याचा पॅड तर उभ्याने तपासूच नये. उभे असताना जो पॅड अगदी बरोबर वाटतो, तो बाइकवर बसल्यावर वर सरकतो, म्हणून पँट घालून बाइकवर बसावे, पाय फूटपेगवर, म्हणजे पाय टेकवायच्या दांड्यांवर, ठेवावेत आणि मग गुडघ्याची वाटी पॅडच्या मध्यावर येते का ते पाहावे. येत नसेल, तर खिशातली वेल्क्रो एक बोट खाली घ्यावी.

पँटीबद्दल लोक फार बेफिकीर असतात. साधी डेनिम घासण्याच्या चाचणीत सेकंदभरही टिकत नाही आणि घसरणारा माणूस सेकंदभरात थांबत नाही. जॅकेट आणि पँट जोडणारी कमरेची चेन लावावी, नाहीतर घसरताना जॅकेट वर सरकते आणि पाठीचा खालचा भाग सोलवटून निघतो. आतून नायलॉनचे घट्ट कपडे शक्यतो टाळावेत. घर्षणाच्या उष्णतेने ते वितळून कातडीला चिकटू शकतात.

पडताना माणूस हात पुढे टाकतो. ते ठरवून होत नाही आणि टाळताही येत नाही. तळव्यावर कडक प्लास्टिकचा तुकडा असलेले हातमोजे म्हणूनच घ्यावेत, की तळवा रस्त्याला धरून बसण्याऐवजी घसरत जातो आणि मनगटातली छोटी हाडे वाचतात. मनगटाचा पट्टा आवळावा. सैल मोजा पहिल्याच घासण्यात निघून जातो. बूट घोट्याच्या वर जाणारे असावेत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात खास रायडिंगचे नसलेले, पण घोटा झाकणारे बूटही साध्या पादत्राणांपेक्षा पायाच्या दुखापती कमी करताना दिसले, तेव्हा महाग बूट परवडत नाहीत ही सबब चालणार नाही. त्याच अभ्यासात अपघातात सापडलेल्या जॅकेटांपैकी, पँटींपैकी आणि हातमोज्यांपैकी पाव हिश्शाहून अधिक फाटले, उसवले किंवा निकामी झाले होते. शिवणी तपासून घ्याव्यात, हे त्यासाठी सांगतो. नाड्या आत खोचाव्यात. गिअरच्या पेडलात नाडी अडकली, की सिग्नलला पाय खाली टेकत नाही.

आदल्या रात्री व्हायझर, म्हणजे हेल्मेटची पुढची काच, पुसून ठेवावा आणि रात्री परतायचे असेल, तर पारदर्शक व्हायझर बरोबर घ्यावा. रेनकोट वरच ठेवावा. रक्तगट आणि घरच्यांचा फोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवावा, कारण फोन फुटतो किंवा त्याला कुलूप असते. आणि पॅड. आदल्या दिवशी पाहिले असले, तरी सकाळी जॅकेट चढवल्यावर दोन्ही कोपर एकदा टेबलावर आपटून पाहावेत. लागले, तर खिसा रिकामा आहे.

वाटेत उकडले म्हणून चहाच्या थांब्यावर जॅकेट काढून सीटला बांधू नये. पुढचे थोडेच अंतर उरले आहे, हा विचार करणाऱ्यांना उरलेल्या अंतरातही पडता येते.

कोणी पडलेच, तर आधी मागून येणारी वाहने थांबवावीत. मान दुखत असेल किंवा माणूस शुद्धीवर नसेल, पण श्वास नीट चालू असेल, तर घाईने हेल्मेट ओढून काढू नये. फक्त व्हायझर उघडावा आणि रुग्णवाहिकेची वाट पाहावी. श्वासच अडत असेल, तर एकाने मान व जबडा स्थिर धरावा आणि दुसऱ्याने हेल्मेट हळूच सरकवत काढावे. खरचटलेली जागा स्वच्छ पाण्याने धुवावी, त्यावर हळद किंवा टूथपेस्ट लावू नये. मार खाल्लेले पॅड नंतर बदलून टाकावेत.

घरी आल्यावर ओले हातमोजे आणि बूट सावलीत वाळवावेत. कडक उन्हात चामडे ताठ होते आणि शिवणीपाशी तडकते.