चादर उलगडताना गचके नकोत
सोलापुरी चादरीच्या दुकानाची वेबसाइट करत होतो. बोट लावलं की घडी उलगडावी, असं अ‍ॅनिमेशन. माझ्या लॅपटॉपवर झकास, पण दुकानदारकाकांच्या साध्या मोबाइलवर चादर अडखळत उघडली. कारण मी सीएसएसमधले (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेतले) हाइट आणि टॉप, म्हणजे उंची आणि वरून अंतर, बदलत होतो. त्याने ब्राउझरला प्रत्येक फ्रेमला, म्हणजे हालचालीतल्या प्रत्येक चित्राला, पानाची मांडणी पुन्हा मोजावी लागते. सेकंदाला ६० फ्रेम हव्यात तर एका फ्रेमला मिळतात जेमतेम १६.७ मिलिसेकंद.

म्हणून शक्यतो ट्रान्सफॉर्म (सरकवणं, फिरवणं, ताणणं) आणि ओपॅसिटी (पारदर्शकता) एवढंच बदला, त्यांनी मांडणी पुन्हा मोजावी लागत नाही. चित्राचे दोन भाग करा, खालच्या भागाचा ट्रान्सफॉर्म-ओरिजिन (फिरण्याचा आधारबिंदू) त्याच्या वरच्या कडेला ठेवा आणि तो भाग रोटेट-एक्सने (आडव्या अक्षाभोवती फिरवून) १८० अंशांवरून शून्यावर आणा. दोन्ही भाग ज्यात आहेत त्या बाहेरच्या डब्याला पर्स्पेक्टिव्ह (जवळ-लांबचा आभास) द्यायला विसरू नका, नाहीतर चित्र सपाट दिसतं. स्केलने (आकार लहान-मोठा करून) ताणू नका. नक्षीतले मोर चेपतात, आणि ते बघवत नाही.

एवढ्यासाठी तयार कोडची लायब्ररी लागत नाही, सीएसएसचं ट्रान्झिशन (एका स्थितीतून दुसरीत हळूहळू जाणं) पुरतं. एकामागून एक बऱ्याच हालचाली जुळवायच्या असतील तेव्हा जीसॅप ही अ‍ॅनिमेशनची लायब्ररी घ्या. साध्या मोबाइलवर कसं चालेल ते कळायला क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये (ब्राउझरमधल्या तपासणीच्या साधनांत), परफॉर्मन्स पॅनेलमधून सीपीयूचा वेग ४ पट कमी करून एकदा बघाच. काहींना हलत्या चित्रांनी गरगरतं. प्रेफर्स-रिड्यूस्ड-मोशन, म्हणजे वापरणाऱ्याने हालचाल कमी ठेवायला सांगितलंय का, ते तपासून त्यांना चादर थेट उघडलेलीच दाखवा.