प्रावरणाचं मॉडेल चालवताना या चुका टाळा

कोकणातून भूभौतिकीकडे वळणाऱ्या आणि प्रावरणातल्या (पृथ्वीच्या कवचाखालच्या जाड खडकाच्या थरातल्या) अभिसरणाची, म्हणजे उष्णतेमुळे होणाऱ्या संथ उलथापालथीची, संगणकीय मॉडेलं करण्यातच करिअर करू पाहणाऱ्या मुलांनी आधी एककं तपासायची सवय लावून घ्यावी. खडकाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, तापमानानुसार घातांकी बदलते, आणि त्या सूत्रात तापमान केल्विनमध्येच द्यावं लागतं. १३०० अंश सेल्सियस हा आकडा तसाच टाकला, तर सक्रियण ऊर्जा (खडक वाहू लागायला लागणारी ऊर्जा) ३०० किलोज्यूल प्रति मोल धरल्यास श्यानता जवळजवळ सव्वाशे पट फुगते. अभिसरण मंदावतं आणि दोष मात्र जाळीला, म्हणजे मॉडेल ज्या छोट्या चौकटींत विभागतो त्यांना, दिला जातो. पृष्ठभागाचं तापमान शून्य लिहिलं असेल, तर शून्यानं भागाकार होऊन प्रोग्राम अडतो. ते बरं, कारण चूक तिथल्या तिथे कळते.

जाडीचंही तसंच. अभिसरण किती जोरात होईल हे सांगणाऱ्या रॅले संख्येत थराच्या जाडीचा घन येतो. वरच्या प्रावरणाच्या ६६० किलोमीटरऐवजी पूर्ण प्रावरणाचे २८९० घातले, की बाकी सगळं तेच ठेवूनही ती सुमारे ८४ पट वाढते.

रंगीत चित्र छान दिसतंय म्हणून मॉडेल बरोबर, असं कधीही समजू नका. ब्लँकेनबाख आणि सहकाऱ्यांची १९८९ची चाचणी आधी करा: चौरस पेटी, स्थिर श्यानता, रॅले संख्या १०,०००. प्रवाह स्थिरावल्यावर नुसेल्ट संख्या (अभिसरणामुळे उष्णता नुसत्या वहनाच्या किती पट जाते ते) ४.८८४ यायला हवी. येत नसेल तर जाळी दुप्पट बारीक करा. आकडा तिकडे सरकला तर दोष जाळीचा. हलला नाही तर सीमा-अटी बघा. चारही बाजू घर्षणमुक्त हव्यात. माझ्या मते या चाचणीशिवाय प्रबंधातलं एकही चित्र स्वीकारू नये.

वरचा थर झाकणासारखा गोठून बसला, तर ते बहुतेक वेळा कोडचं बिघडणं नसतं. थंड खडक इतका घट्ट होतो की तो मोडायची सोय केल्याशिवाय भूपट्ट तयारच होत नाहीत. त्यासाठी ताणाची मर्यादा घालावी लागते. काहीजण पृष्ठभागावर भूपट्टांचा वेग बाहेरून लादतात. तेही चालतं, पण मग तो वेग मॉडेलनं दिला असं लिहू नये.

आपल्याकडची खास चूक म्हणजे उन्हवरे, तुरळ, राजापूरच्या गरम झऱ्यांचा संबंध थेट दख्खनच्या लाव्ह्याशी जोडणं. तो लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटाच्या ज्या तप्तस्थानाशी (खोलातून गरम खडक वर येणाऱ्या जागेशी) तो जोडला जातो, तिथून भारत हजारो किलोमीटर उत्तरेला सरकलाय. झऱ्यांचं पाणी पावसाचं; भेगांतून खोल जाऊन तापतं आणि वर येतं.

किनाऱ्याच्या मॉडेलची खरी कसोटी पनवेलजवळ लागते. घाटमाथ्यावर जवळपास आडवे असलेले बेसॉल्टचे थर तिथे पश्चिमेकडे कलतात. तुमच्या मॉडेलमध्ये हा कल येत नसेल, तर भूखंड फाटतानाचा भाग पुन्हा लिहायला घ्या.