नवीन जॉब पटत नाहीये? राजीनामा टाकायच्या आधी हे वाचा

डिप्लोमा किंवा मेकॅनिकल बीई करून चाकण, भोसरी, रांजणगाव पट्ट्यात कामाला लागलेल्या पोरांसाठी लिहितोय, आयटीवाल्यांना यातलं अर्धंच लागू पडेल. मी क्वालिटीतला माणूस. चाकणला एका ऑटो पार्ट बनवणाऱ्या कंपनीत इनप्रोसेस इन्स्पेक्शन (लाइनवर पार्ट बनत असतानाची तपासणी) बघायचो, पाच वर्षं भरत आली होती, तेवढ्यात रांजणगावच्या एका मोठ्या कंपनीतून सप्लायर क्वालिटीची, म्हणजे बाहेरून पार्ट पुरवणाऱ्या वेंडरचा माल नीट येतोय का ते बघायच्या कामाची, ऑफर आली. मोठं नाव, पगार वाढणार, वेंडरकडे गेलं की लोक साहेब म्हणणार. घेतली ऑफर. आणि महिनाभरातच असं झालं की सकाळी अलार्म वाजला तरी उठावंसं वाटेना, बसमध्ये बसलं की पोटात गोळा.

जेडीमध्ये, म्हणजे कामाच्या वर्णनात, लिहिलं होतं सप्लायर डेव्हलपमेंट, वेंडरला सुधारायचं काम. प्रत्यक्षात काम काय, तर भोसरी एमआयडीसीतल्या एका वेंडरच्या शेडमध्ये रात्री उभं राहून बुश (मध्ये भोक असलेले छोटे गोल पार्ट) सॉर्ट करायचे, चांगले-वाईट वेगळे करायचे. एक क्रेट बुश, हातात प्लग गेज (भोकाचं माप तपासायची दांडी), गो साइड आत गेली पाहिजे आणि नो-गो अडकली पाहिजे, पण दर थोड्या वेळाने एखाद्या बुशमध्ये नो-गो पण सुळकन आत जायची, म्हणजे बोअर, आतलं भोक, मोठा झालाय, टाक लाल बिनमध्ये. बरोबर दोन कॉन्ट्रॅक्टची पोरं, कारण सकाळच्या शिफ्टला लाइनला माल पाहिजे, आणि मॅनेजरचा सारखा फोन, किती झाले, किती झाले. बोअर मोठा का होतोय, कंट्रोल प्लॅनमध्ये (काय, कधी तपासायचं याच्या कागदात) चेकिंगची फ्रिक्वेन्सी काय लिहिलीये, हे विचारायला कोणालाच वेळ नाही. नंतर वेंडर एट डी रिपोर्ट (चूक का झाली आणि काय उपाय केला याचा रिपोर्ट) पाठवणार, त्यात रूट कॉज ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ आणि उपाय ‘ऑपरेटरला ट्रेनिंग दिले’. ज्यांनी हे रिपोर्ट वाचलेत ते आत्ता हसत असतील.

पण माझं म्हणणं असं की पस्तावा होतोय एवढ्यावर काही ठरवू नका, आधी नक्की कशाचा होतोय ते बघा. मी बसमध्ये बसून मोबाईलच्या नोट्समध्ये रोज एक ओळ लिहायचो, आज काय खुपलं. त्यात निम्म्या गोष्टी अशा निघाल्या की त्या कुठल्याही नवीन जागी झाल्याच असत्या: स्टोअरमधलं कोणी ओळखत नाही, सिस्टीममध्ये एंट्री कशी करायची ते तिसऱ्यांदा विचारायला लाज वाटते, जुन्या कंपनीत सीएमएमवाला (माप घ्यायच्या मशीनवरचा माणूस) आपला पार्ट आधी लावायचा आणि इथे नंबर लावून बसावं लागतं. हे सगळं सहा महिन्यांत आपोआप सुटतं, यासाठी जॉब सोडायचा नसतो. उरलेल्या निम्म्यात दोनच गोष्टी होत्या. एक म्हणजे प्रवास, मी मोशीला राहतो आणि बस चाकणच्या तळेगाव चौकातून शिक्रापूर रोडने जाते, त्या रस्त्याबद्दल इथल्या माणसाला काही सांगायला नको. दुसरी म्हणजे हे सॉर्टिंगचं काम. मी त्याच डिपार्टमेंटमध्ये तीनेक वर्षं काढलेल्या एका सीनियरला चहाच्या टपरीवर विचारलं की हे नंतर कमी होतं का, तो म्हणाला, ‘होतं ना, तुझ्याखाली नवीन पोरगा आला की होतं.’ झालं, उत्तर मिळालं.

आता पैशाचं बघा, कारण घरचे तेच विचारतात की एवढा पगार वाढलाय तरी तुझं काय. सीटीसी, म्हणजे कंपनी वर्षाला तुमच्यावर करते तो सगळा खर्च, नीट फोडून बघायची असते. समजा ६ लाख २० हजारावरून ८ लाख ४० हजार झाले, ऐकायला पस्तीस टक्के वाढ. पण त्यात ८४ हजार व्हेरिएबल, जो मिळेल तेव्हा मिळेल, आणि ५० हजार जॉइनिंग बोनस, जो एकदाच. ते काढले की राहतात ७ लाख ६ हजार, म्हणजे वाढ साधारण १४ टक्के. त्यात कंपनीचा पीएफ पण आला आणि बऱ्याच ठिकाणी ग्रॅच्युइटीचे (नोकरी सोडताना एकदम मिळणाऱ्या रकमेचे) बेसिकच्या ४.८१ टक्के पण सीटीसीत धरतात, ते काही दर महिन्याला हातात येत नाहीत. हे गणित मांडलं की आपण पगारासाठी अडकलोय असं जे वाटत असतं ते बरंच कमी होतं.

ग्रॅच्युइटीचं पण इथेच सांगतो. परमनंट माणसाला त्यासाठी साधारण पाच वर्षं लागतात, हिशोब असा की शेवटचा महिन्याचा बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता), गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. बेसिक २५ हजार असेल तर पाच वर्षांचे ७२ हजारांच्या आसपास होतात. चार वर्षं आणि पाचव्या वर्षाचे २४० दिवस भरले तर काही कंपन्या देतात, काही नाही देत, तुमच्या एचआरला मेलवर विचारा, तोंडी विचारू नका. मी हे धरूनच निघालो होतो, पण बऱ्याच पोरांना राजीनामा दिल्यावर कळतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रोबेशनची तारीख. ऑफर लेटर काढून बघा, प्रोबेशनमध्ये नोटीस बहुतेक ठिकाणी १५ किंवा ३० दिवस असते आणि कन्फर्म झालात की ६० किंवा ९० होते. नव्वद दिवस थांबायला पुढची कंपनी तयार होईलच असं नाही, म्हणून राहायचं की जायचं हे कन्फर्मेशनच्या आधी ठरलं पाहिजे, नंतर ‘बघू’ म्हणत वर्ष जातं. जॉइनिंग बोनस घेतला असेल तर वर्षाच्या आत सोडल्यास परत द्यायचा अशी ओळ बहुतेक वेळा असते, ते पैसे खर्च करू नका. आणि हातात दुसरी ऑफर नसताना पेपर टाकू नका, कितीही डोकं फिरलेलं असलं तरी. मारहाण, पगार थकवणं किंवा खोट्या रिपोर्टवर सही मागणं असलं काही असेल तर गोष्ट वेगळी, तिथे एक दिवस पण थांबू नका.

जुन्या कंपनीत परत जायचा विचार सगळ्यांनाच येतो, मलाही आला. जुन्या साहेबांना फोन केला, ते म्हणाले, ‘ये की रे, जागा आहे, थोडं वाढवून पण देतो.’ दोन दिवस खूश होतो. मग विचारलं, साहेब, काम कोणतं? तर तीच लाइन, तोच पार्ट. मी जिथून कंटाळून निघालो होतो ती जागा तशीच माझी वाट बघत होती. परत जाण्यात कमीपणा अजिबात नाही, पण कशामुळे सोडलं होतं ते बदललंय का एवढं विचारायचं, नसेल बदललं तर वर्षभराने पुन्हा हाच लेख वाचत बसाल.

मग मी आत्ताच्या मॅनेजरशी बोललो. तक्रार नाही केली, म्हटलं मला नवीन पार्टच्या डेव्हलपमेंटचं, पीपॅपचं (नवीन पार्ट चालू करायच्या आधीच्या मंजुरीचं) काम द्या, सॉर्टिंग पण करतो. ते म्हणाले नवीन प्रोजेक्ट येतोय, थांब. थांबलो, पण मनात प्रोबेशन संपायची तारीख धरून. प्रोजेक्ट आला आणि दुसऱ्याला मिळाला, मग नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइन उघडलं.

इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न हाच की इतक्या लवकर का सोडताय. लपवायचा प्रयत्न करू नका, यूएएनमध्ये, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरवर, सगळी सर्व्हिस हिस्ट्री दिसते आणि बॅकग्राउंड चेकवाले तेच बघतात. मी सांगितलं, डेव्हलपमेंटच्या कामासाठी जॉइन झालो होतो, काम मुख्यतः कंटेनमेंटचं, म्हणजे खराब माल वेगळा काढायचं, निघालं, मला प्रोसेसमध्ये काम करायचंय. बस, तिथेच थांबायचं, मॅनेजर असा आणि कंपनी तशी सुरू केलं की समोरचा पेन खाली ठेवतो. उलट मीच विचारलं की ही जागा का रिकामी झाली, गेल्या महिन्यात या पोस्टवरच्या माणसाचा जास्त वेळ कशात गेला. त्यांनी प्लँट दाखवला, तेव्हा रिजेक्शन बिनवरचे टॅग वाचले, तारखा ताज्या होत्या आणि रिवर्कचा (दुरुस्त करायच्या पार्टचा) ढीग नव्हता. चाकणलाच आहे कंपनी, पगार रांजणगावएवढाच.

निघताना रिलीव्हिंग लेटर, एक्स्पीरियन्स लेटर आणि फुल अँड फायनलचा हिशोब घ्या, कमी महिन्यांची नोकरी असली तरी. पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा, पाच वर्षांच्या आत काढला तर टॅक्स लागतो आणि ट्रान्सफर केला तर मागची वर्षं धरली जातात. एकाच आर्थिक वर्षात दोन कंपन्या झाल्या असतील तर आधीचा पगार आणि कापलेला टीडीएस (पगारातून आधीच कापलेला टॅक्स) नवीन एचआरला कळवा, नाहीतर दोघंही सूट धरतात आणि रिटर्न भरताना एकदम रक्कम निघते. जुन्या कंपनीने पीएफमध्ये सोडल्याची तारीख टाकली नसेल तर दोन महिन्यांनी पोर्टलवर आपली आपण टाकता येते, त्यासाठी कोणाला फोन करत बसायची गरज नाही.