जमिनीखालच्या अणुकचऱ्याचा सेफ्टी रिव्ह्यू वाचायचा कसा

वापरलेलं अणुइंधन चारपाचशे मीटर खोल खडकात पुरायचं, त्यासाठी कंपनीने अर्ज करायचा आणि सरकारी रेग्युलेटरने तो तपासायचा. फिनलंड, स्वीडन, अमेरिकेतले असे रिपोर्ट इंग्रजीत फुकट मिळतात, पण पानं बघूनच माणूस गार पडतो, म्हणून हे लिहितोय.

आधी दोन कागद वेगळे करा. सेफ्टी केस म्हणजे कंपनीचं म्हणणं, आणि रिव्ह्यू म्हणजे ते तपासून रेग्युलेटरने लिहिलेलं. फिनलंडमध्ये कंपनी पोसिव्हा, तपासणारी स्टुक. कंपनीचा रिपोर्ट गुळगुळीत असतो, खरी मजा रिव्ह्यूत, कारण कुठे अडवलं, काय परत मागितलं ते तिथे कळतं.

मग डोसची, म्हणजे माणसाला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाची, मर्यादा शोधा. युक्का माउंटन या अमेरिकेतल्या प्रस्तावित जागेला पहिली १०,००० वर्षं वर्षाला ०.१५ मिलिसिव्हर्ट (डोस मोजायचं एकक), पुढे १० लाख वर्षांपर्यंत १ मिलिसिव्हर्ट. (निसर्गातूनच जगात सरासरी २.४ च्या आसपास मिळतो.) पण हा डोस कोणाला, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. तिथे धरलाय साधारण १८ किलोमीटरवर राहणारा आणि रोज विहिरीचं २ लिटर पाणी पिणारा माणूस.

सगळ्यात जास्त वेळ पाण्याला द्या. कचरा वर येणार तो मुख्यतः पाण्यातूनच. पुण्यात एका सोसायटीच्या बोअरला धो धो पाणी आणि शेजारी नुसती धूळ, हे आपण बघतोच, आपला बसाल्ट असो नाहीतर स्वीडनचा ग्रॅनाइट, खेळ सगळा भेगांचा. म्हणून बोअर कुठे कुठे घेतले आणि मधल्या न बघितलेल्या खडकाबद्दल काय गृहीत धरलं ते शोधा. मग इंधन ठेवायचा तांब्याचा डबा (ही स्वीडन-फिनलंडची पद्धत), भोवतीची पाण्याने फुगणारी बेंटोनाइट माती, खडक, एकेक घ्यायचं आणि विचारायचं, हा फेल गेला तर बाकीचे तगतात का?

तांब्यावर तर स्वीडनमध्ये जाम वाद झाला. कंपनीचा अर्ज २०११ चा, २०१८ मध्ये रेग्युलेटर म्हणाला परवानगी द्या, पर्यावरण कोर्ट म्हणालं आधी डबा गंजण्याबद्दलच्या शंका मिटवा, आणि सरकारने हो म्हटलं थेट २०२२ मध्ये. पुरावा म्हणून १६७६ ला बुडालेल्या क्रोनान जहाजाची, समुद्रतळाच्या मातीत रुतलेली कांस्याची (म्हणजे बहुतांश तांब्याचीच) तोफसुद्धा तपासली गेली. भारी पुरावा, पण तीनशे वर्षांवरून लाख वर्षांची खात्री काढताना रिव्ह्यूवाले काय म्हणतात ते मी आधी बघतो.

रोजच्या कामकाजाचं चॅप्टर कंटाळवाणं वाटतं, तरी सोडू नका. अमेरिकेतल्याच न्यू मेक्सिको राज्यातली मिठाच्या थरातली साइट (तिथला कचरा वेगळा, अण्वस्त्रांच्या कामातला) १९९९ ला सुरू झाली, हिशोब १०,००० वर्षांचे, आणि २०१४ मध्ये पिंप फुटलं कशाने, तर कचऱ्यात मिसळलेल्या चुकीच्या, सेंद्रिय कॅट लिटरने, म्हणजे मांजराच्या शी-शूसाठी वापरतात त्या ओल शोषणाऱ्या भुशाने!

आपल्याकडे वापरलेलं इंधन रिप्रोसेस करतात, म्हणजे त्यातलं कामाचं वेगळं काढतात, उरलेला जहाल कचरा काचेत बांधतात, तारापूरला तो साठवतात. खोल पुरायची जागा अजून नाही, त्यामुळे एईआरबीचा, म्हणजे आपल्या अणु रेग्युलेटरचा, असा रिव्ह्यूही नाही, सराव बाहेरच्यांवरच करावा लागतो.

आणि घाई असेल तर निष्कर्षातल्या अटी पहिल्या वाचा. युक्काचा रिव्ह्यू २०१५ च्या जानेवारीत पूर्ण झाला, बंद केल्यानंतरच्या सुरक्षेच्या निकषांत ती जागा बसते असं त्यात होतं, तरी रेग्युलेटरच्या स्टाफने बांधकामाच्या परवानगीची शिफारस केली नाही, कारण जमिनीची मालकी आणि पाण्याचे हक्क अर्जदाराकडे नव्हते.